नुसत्या सीरमवर आरपीआर निगेटिव्ह, टीपीएचए मात्र पॉझिटिव्ह: किट बदलू का?

सिंहगडरोड_लॅब

नमस्कार मंडळी. एएनसी प्रोफाइलचा (गर्भवतींच्या नेहमीच्या तपासण्यांचा) एक नमुना अडकलाय, मत हवंय. सिफिलिसच्या दोन चाचण्या जुळत नाहीयेत: आरपीआर (कार्बनच्या कणांवरची कार्ड चाचणी) आणि टीपीएचए (सिफिलिसच्या जंतूविरुद्धच्या अँटिबॉडीची प्लेटमधली चाचणी).

आरपीआर कार्डवर नुसतं सीरम लावलं तर काळ्या गुठळ्या नाहीत. पण निगेटिव्हचा असतो तसा गुळगुळीत करडा थरही नाही, कडेकडेने किंचित रवाळ दिसतं. तेच सीरम टीपीएचएला १:८० वर पूर्ण चटई (पेशी तळभर पसरलेल्या, म्हणजे पॉझिटिव्ह) देतं. कंट्रोल सेल्सच्या वेलमध्ये व्यवस्थित बटण (पेशी मधे गोळा, म्हणजे निगेटिव्ह) बसलंय. आरपीआर किटचे पॉझिटिव्ह-निगेटिव्ह दोन्ही कंट्रोल बरोबर, एक्स्पायरीला वेळ आहे.

प्रश्न तीन:
१) हा किटचा दोष की आणखी काही? लॉट बदलून बघू का?
२) प्रोझोन म्हणतात तो हाच का, आणि कार्डवर डायल्यूशन नेमकं कसं लावायचं? किती मायक्रोलिटर, कशात?
३) सीआरपी लॅटेक्सलाही (शरीरातला दाह दाखवणाऱ्या प्रथिनाची कार्ड चाचणी) असं होतं का? सेप्सिसच्या एका पेशंटचं कार्ड साफ निगेटिव्ह आलं आणि डॉक्टरांचा लगेच फोन. दोन्हीचं कारण एकच आहे का?

---

सममात्रा

लॉट बदलू नका. कंट्रोल बरोबर आलेत म्हणजे अँटिजेन (अँटिबॉडी ज्याला धरते तो पदार्थ, इथे कार्बनच्या कणांवरचा) जिवंत आहे. तुम्ही केलेलं 'किंचित रवाळ' हे वर्णन बाकी सगळ्यापेक्षा महत्त्वाचं आहे. खऱ्या निगेटिव्हमध्ये कार्ड तिरकं करून फिरवलं की कार्बन एकसारखा पसरतो किंवा मधे गुळगुळीत ठिपका होऊन बसतो. रवाळ, कडा विस्कटलेली दिसली की ते निगेटिव्ह लिहायचं नाही, डायल्यूशन लावायचं.

कारण थोडक्यात. आयजीजी आणि आयजीएम हे अँटिबॉडीचे प्रकार. एका आयजीजी रेणूला अँटिजेन पकडायला दोन हात असतात, आयजीएमला कागदोपत्री दहा. गुठळी दिसायची तर एकाच अँटिबॉडीचे दोन हात दोन वेगळ्या कणांवर पडायला हवेत, तरच कण एकमेकांना जोडले जाऊन जाळं तयार होतं. अँटिबॉडी प्रमाणाबाहेर जास्त असेल तर प्रत्येक कणावरच्या सगळ्या जागा वेगवेगळ्या रेणूंनी आधीच भरून जातात आणि दुसऱ्या हाताला धरायला मोकळा कणच उरत नाही. जोडणी भरपूर झालेली असते, दिसत काहीच नाही. हा प्रोझोन. उलट अँटिजेन जास्त झालं तरी जाळं होत नाही, तो पोस्टझोन. मधला पट्टा सममात्रेचा, आणि डोळ्याला दिसणारी प्रतिक्रिया फक्त तिथे. जाळ्याची ही कल्पना मॅरॅकने १९३४ मध्ये मांडली. हायडेलबर्गर आणि केंडल यांनी त्याच सुमारास साका मोजून दाखवला. सिफिलिसच्या चाचण्यांत जागा अडवून बसणाऱ्या इतर अँटिबॉडीही हातभार लावतात असं म्हणतात, पण तुमच्या कामाला एवढा हिशोब पुरे.

आता कृती. १८ मिमी वर्तुळांचं कार्ड, एका ओळीत पाच वर्तुळं.

२ ते ५ या वर्तुळांत प्रत्येकी ५० मायक्रोलिटर ०.९ टक्के सलाईन ठेवा, पसरवू नका. वर्तुळ १ मध्ये ५० मायक्रोलिटर सीरम, वर्तुळ २ मध्येही ५० मायक्रोलिटर सीरम. दोनमधलं मिश्रण पिपेटने पाच-सहा वेळा वर-खाली करा, बुडबुडे होऊ देऊ नका. त्यातले ५० तीनमध्ये, मिसळून ५० चारमध्ये, मिसळून ५० पाचमध्ये, आणि पाचमधले शेवटचे ५० फेकून द्या. झालं १:१, १:२, १:४, १:८, १:१६.

पसरवताना पाचपासून सुरू करून एककडे या. पातळाकडून दाटाकडे आलात तर टोकाला चिकटून जाणारं सीरम नगण्य. उलट गेलात तर दाट सीरम पातळ वर्तुळात जाऊन टायटर (किती पातळ करूनही प्रतिक्रिया दिसते तो आकडा) फुगतं. मग प्रत्येक वर्तुळात अँटिजेनचा एक थेंब टाका, तो काडीने ढवळायचा नाही. १०० आरपीएमवर ८ मिनिटं, आणि लगेच वाचन.

प्रोझोन असेल तर १:१ वर रवाळ, पुढे प्रतिक्रिया वाढत जाते आणि मग पुन्हा उतरते. साध्या कमजोर पॉझिटिव्हमध्ये पहिल्या वर्तुळापासून फक्त उतरणच दिसते.

---

कार्बन_कण

वरच्या कृतीशी सहमत, पण प्रोझोनचा शिक्का आधीच मारू नका.

टीपीएचए एकदा पॉझिटिव्ह झाली की बहुतेक पेशंटमध्ये उपचारानंतरही आयुष्यभर तशीच राहते. म्हणजे आरपीआर निगेटिव्ह आणि टीपीएचए पॉझिटिव्ह याचं सर्वांत नेहमीचं कारण आहे जुना, उपचार झालेला सिफिलिस. दुसरं, अगदी सुरुवातीचा प्राथमिक टप्पा: ट्रेपोनेमल (सिफिलिसच्या जंतूविरुद्धच्या) अँटिबॉडी आल्यात, आरपीआर शोधते त्या कार्डिओलिपिन या मेदाविरुद्धच्या अजून यायच्यात. तिसरं, खूप जुना, उपचार न झालेला, ज्यात आरपीआर आपोआप उतरलेली असते. प्रोझोन चौथा. तो प्रामुख्याने दुय्यम टप्प्यात दिसतो, कारण टायटर तिथे सर्वांत चढलेलं असतं. त्या टप्प्यातही शंभरात एक-दोन नमुन्यांचीच गोष्ट. गर्भारपण आणि एचआयव्ही सोबत असताना जास्त आढळल्याची नोंद आहे, म्हणून एएनसीमध्ये डोळेझाक नको.

निवाडा डायल्यूशननेच होतो. पाचही वर्तुळं गुळगुळीत राहिली तर प्रोझोन नाही. मग जुना आजार की नवा हे लॅबने ठरवायचं नाही. रिपोर्टवर दोन्ही निकाल स्वतंत्र लिहा आणि दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा नमुना मागवा.

टीपीएचए प्लेट सेंट्रीफ्यूजच्या टेबलावर ठेवलेली नव्हती ना? कंपनाने बटण नीट बसत नाही, विस्कटलेली कड चटईसारखी भासते. कंट्रोल सेल्सचं बटण नीट आहे म्हणताय, तेव्हा इथे तो प्रश्न दिसत नाही. तरी प्लेट वेगळ्या ओट्यावर ठेवायची सवय लावा.

---

पंचवीस_अंश

दोघांनीही गृहीत धरलंय की बाकी सगळं जागच्या जागी आहे. पुण्यातल्या छोट्या लॅबमध्ये ते क्वचितच असतं, म्हणून हे बघून घ्या.

तापमान. आरपीआर २३ ते २९ अंशांत करायची चाचणी आहे. जानेवारीत सकाळी साडेसातला शटर उघडलं की खोलीत १६-१७ अंश असतात. त्या थंडीत प्रतिक्रिया मंदावते आणि कमजोर पॉझिटिव्ह हातचे जातात. एप्रिल-मेमध्ये उलटं, खोली ३५ च्या पुढे. त्यात फ्रिजमधून काढलेलं अँटिजेन तसंच गार टाकलं तर आणखी घोळ. अँटिजेन, कंट्रोल, सीरम तिन्ही अर्धा तास बाहेर ठेवून खोलीच्या तापमानाला आणा. एसी नसेल तर भिंतीवर थर्मामीटर लावा आणि वहीत रोजचा आकडा लिहा.

झाकण. उन्हाळ्यात हवा इतकी कोरडी असते की पंख्याखाली आठ मिनिटांत थेंबाच्या कडा सुकतात, आणि सुकलेली कड हुबेहूब रवाळ दिसते! रोटेटरवर ओला टिपकागद लावलेलं झाकण हवंच. तुमच्या नमुन्याची 'रवाळ कड' ही नव्हे, याची आधी खात्री करा. शेजारचं निगेटिव्ह कंट्रोल गुळगुळीत असेल तर सुकण्याचा प्रश्न नाही.

वेग. रोटेटरवरचा आकडा खरा मानू नका. प्लॅटफॉर्मच्या कडेला पेनने खूण करून १५ सेकंदांत फेरे मोजा, २५ भरले पाहिजेत.

थेंब. आरपीआरच्या सुईतून १ मिलिलिटरला ६० थेंब पडायला हवेत, दोन इकडे-तिकडे. अर्धा मिलिलिटर भरून मोजा: २९ ते ३१ आले तर ठीक. सुई उभी धरायची. तिरकी धरली की थेंब लहान-मोठा होतो, आणि सममात्रेच्या खेळात अँटिजेनचा थेंब हीच एक बाजू आहे. बाटली वापरण्याआधी हलवा, कार्बन तळाशी बसतो.

सलाईन. मेडिकलमध्ये मिळणारी सलाइनची बाटली चालते, पण उघडून आठवडाभर वापरू नका. घरच्या घरी करायचं तर ०.९ ग्रॅम शुद्ध सोडियम क्लोराइड डिस्टिल्ड वॉटरमध्ये १०० मिलिलिटरपर्यंत. स्वयंपाकाचं मीठ नको, त्यात आयोडीन आणि मोकळं राहण्यासाठीची भर असते. आणि नुसत्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये डायल्यूशन तर मुळीच नको. कणांवर ऋण भार असतो, ते एकमेकांना दूर ढकलतात. क्षार असले तरच ते इतके जवळ येतात की अँटिबॉडीचा हात पोचतो. क्षार नसतील तर अँटिबॉडी चिकटते, पण गुठळी होत नाही.

---

सिंहगडरोड_लॅब

सगळ्यांचे आभार. निगेटिव्ह कंट्रोल गुळगुळीत होतं, खोली २६ अंश. फेरे मोजले, १५ सेकंदांत २१ निघाले, रोटेटर दुरुस्तीला जाणार. दुसऱ्या रोटेटरवर, ज्याचे २५ भरले, डायल्यूशन लावलं:

१:१ रवाळ, १:२ कमजोर, १:४ रिऍक्टिव्ह, १:८ ठळक रिऍक्टिव्ह, १:१६ ठळक रिऍक्टिव्ह.

पुढे कसं जायचं? सलाईननेच १:३२ करू?

---

सममात्रा

हा प्रोझोनच. शेवटचं वर्तुळ अजून ठळक आहे म्हणजे टायटर सापडलेलं नाही.

पुढे मात्र नुसतं सलाईन नको. इतक्या पातळ नमुन्यात प्रथिनं जवळजवळ उरत नाहीत आणि अँटिजेनचं वागणं बदलतं. म्हणून नॉन-रिऍक्टिव्ह सीरमचं १:५० द्रावण वापरतात: ०.१ मिलिलिटर निगेटिव्ह सीरम अधिक ४.९ मिलिलिटर सलाईन. निगेटिव्ह सीरम त्याच दिवशीचं, तपासलेलं घ्या.

पेशंटचं सीरम परीक्षानळीत १:१६ करा: ०.१ मिलिलिटर सीरम, १.५ मिलिलिटर सलाईन. मग नव्या ओळीत २ ते ५ मध्ये ते १:५० द्रावण ५०-५०, वर्तुळ १ आणि २ मध्ये १:१६ केलेलं सीरम ५०-५०, आणि पूर्वीसारखंच पुढे सरकवत न्या. मिळेल १:१६, १:३२, १:६४, १:१२८, १:२५६. ज्या शेवटच्या वर्तुळात नि:संशय गुठळी आहे ते टायटर. त्यापुढचं 'किंचित' मोजू नका.

इथे हमखास गफलत होते: १:४ म्हणजे एक भाग सीरम आणि एकूण चार भाग, म्हणजे सलाईन तीन भाग. काही जण एक भागात चार भाग सलाईन घालतात, ते १:५ झालं. वरचा ०.१ आणि १.५ चा हिशोब याच नियमाने आहे.

---

कार्बन_कण

माझी शंका फिटली, प्रोझोनच आहे. रिपोर्टबद्दल एवढंच:

'आरपीआर रिऍक्टिव्ह, टायटर अमुक' असं लिहा आणि खाली टीप द्या की नुसत्या सीरमवर प्रोझोन दिसला. ही टीप गाळू नका. उपचारानंतर हीच बाई दुसऱ्या लॅबमध्ये गेली आणि तिथे फक्त नुसतं सीरम लावलं, तर 'निगेटिव्ह झाली' म्हणून सोडून देतील. डॉक्टरांना फोन करा, एएनसी आहे, रिपोर्टची वाट बघत बसायला नको.

फॉलोअपला दोन पायऱ्यांचा, म्हणजे चौपट फरक खरा धरतात. १:६४ वरून १:३२ ही उतरण नव्हे, तेवढा फरक एकाच सीरमला दोनदा लावलं तरी येतो. आणि आधी आरपीआर, नंतर व्हीडीआरएल (त्याच अँटिबॉडीची दुसरी चाचणी) अशी तुलना करू नका, दोघींचे आकडे जुळत नाहीत. आरपीआरचं टायटर बरेचदा थोडं चढं असतं.

---

लॅटेक्स_ताई

तिसरा प्रश्न राहिलाच की.

कारण एका कुळातलं, दिशा उलटी. कार्ड हातात घेताना आधी स्वतःला विचारायचं: कणावर काय चिकटवलंय? एएसओच्या (स्ट्रेप्टोकोकस जंतूच्या विषाविरुद्धची अँटिबॉडी शोधणाऱ्या) लॅटेक्सवर स्ट्रेप्टोलायसिन-ओ आहे, म्हणजे अँटिजेन. आरएफच्या (संधिवातातल्या ऱ्ह्युमेटॉइड फॅक्टरच्या) लॅटेक्सवर माणसाची आयजीजी. सीआरपीच्या लॅटेक्सवर मात्र सीआरपीविरुद्धची अँटिबॉडी आहे आणि पेशंटच्या सीरममधून येणारी सीआरपी हेच अँटिजेन. त्यामुळे सेप्सिसमध्ये सीआरपी बेसुमार वाढली की होतो तो अँटिजेनचा अतिरेक. प्रत्येक कणावरच्या अँटिबॉडीचे हात स्वतंत्र सीआरपी रेणूंनी भरून जातात, कण सुटे राहतात, आणि कार्ड निगेटिव्ह.

उपाय तोच. डॉक्टरांच्या अर्जावर सेप्सिस, न्यूमोनिया, मोठी शस्त्रक्रिया असं दिसलं तर नुसत्या सीरमशेजारी १:१० चं वर्तुळही लावायचं. ५० मायक्रोलिटर सीरम, ४५० सलाईन, बास. रिऍक्टिव्ह आलं की दुपटीच्या डायल्यूशनने टायटर काढा. बहुतेक किटची संवेदनक्षमता ६ मिलिग्रॅम प्रति लिटर असते, म्हणून शेवटचं पॉझिटिव्ह १:१६ तर १६ गुणिले ६, सुमारे ९६. तुमच्या किटच्या पत्रकावर वेगळा आकडा असेल तर तो धरा.

तरी सीआरपीचं कार्ड निगेटिव्ह येण्याची साधी कारणं आधी काढून टाका. लॅटेक्स न हलवता वापरलं तर वरचं पाणीच पडतं. फ्रीझरच्या जाळीला टेकून बाटली गोठली असेल तर कण आपोआप चिकटतात. तिला फेकून द्या, सलाईनबरोबर एक थेंब लावून बघितलं की कळतं. वाचन २ मिनिटांनी, तिसऱ्या मिनिटाला नव्हे, सुकल्यावर सगळंच पॉझिटिव्ह दिसतं. आणि आरएफ जोरदार असलेल्या पेशंटमध्ये सीआरपी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते, कारण आरएफ कणावरच्या आयजीजीलाच धरतो.

हेच यूपीटीच्या (लघवीवरून गर्भारपण बघायच्या) पट्टीवर होतं, आणि तिथे जास्त फसायला होतं. द्राक्षगर्भात (गर्भाऐवजी वारेचीच अनैसर्गिक वाढ) एचसीजी हे गर्भारपणाचं संप्रेरक इतकं चढतं की पट्टीवर चिकटवलेली अँटिबॉडी आणि रंगीत अँटिबॉडी दोघी वेगवेगळ्या रेणूंनी भरून जातात, सँडविच जुळतच नाही. टेस्ट लाइन गायब, कंट्रोल लाइन ठणठणीत. कारण कंट्रोल लाइन फक्त रंगीत अँटिबॉडी तिथवर वाहत आली एवढंच सांगते. गर्भाशय मोठं आणि यूपीटी निगेटिव्ह असं ऐकलं की लघवी १:१० आणि १:१०० करून पुन्हा लावा.

एलायझात (वेलमध्ये रंग उमटवणाऱ्या चाचणीत) नमुना आणि कॉंज्युगेट (रंग आणणारी अँटिबॉडी) एकाच वेळी टाकायची पद्धत असेल तर हा धोका जास्त. नमुना टाकून, धुऊन मग कॉंज्युगेट टाकला तर जादा अँटिजेन वाहून जातं. आपल्या एनआयव्हीचा (पुण्याच्या विषाणू संस्थेचा) डेंग्यू आयजीएम कॅप्चर एलायझा बघा. त्यात वेलच्या तळाशी माणसाच्या आयजीएमविरुद्धची अँटिबॉडी असते. ती पेशंटची आयजीएम पकडते, बाकी आयजीजी धुण्यात जाते, मग डेंग्यूचं अँटिजेन. तळाशी थेट अँटिजेन लावलं असतं तर दुसऱ्यांदा डेंग्यू झालेल्या पेशंटची भरमसाठ आयजीजी जागा अडवून बसली असती आणि आयजीएम कमी दिसली असती. पण त्यासाठी धुणं नीट हवं. वेलमध्ये थेंब राहिला की पार्श्वभूमीचा रंग चढतो.

---

नदीपात्र

या धाग्यात विडाल (टायफॉइडची अँटिबॉडी चाचणी) कशी सुटली? पावसाळ्यात ताप आला की दुसऱ्याच दिवशी विडाल स्लाइड, आणि १:८० आलं की टायफॉइड. पहिल्या आठवड्यात अँटिबॉडीच धड आलेल्या नसतात, तेव्हा ब्लड कल्चर हवं.

स्लाइडवर ८०, ४०, २०, १० आणि ५ मायक्रोलिटर सीरमला अँटिजेनचा एकेक थेंब, त्यांना १:२० ते १:३२० म्हणतात. यात ५ मायक्रोलिटर म्हणजे पिपेटची कसोटी. टोकाला बाहेरून चिकटलेलं सीरम पुसलं नाही तर ५ चे सहज ७-८ होतात आणि टायटर एक पायरी चढतं. वाचन १ मिनिटात. संशयास्पद असेल तर नळीत लावा: ओ (जंतूच्या अंगावरच्या अँटिजेन) साठी गोल तळाची, एच (जंतूच्या शेपटीच्या) साठी निमुळती. ओ चा साका बारीक रवाळ, एच चा कापसासारखा भुरभुरीत, जोरात हलवला तर विस्कटतो. प्रोझोन नळीत दिसला तर पहिल्या एक-दोन नळ्या स्वच्छ आणि पुढच्या पॉझिटिव्ह, म्हणून पहिली नळी निगेटिव्ह दिसली की बाकीच्या फेकू नका.

---

सिंहगडरोड_लॅब

टायटर १:१२८ आलं, १:२५६ वर फक्त किंचित, ते सोडलं. टीपेसह रिपोर्ट दिला, फोनही केला. सीआरपी १:१० ला रिऍक्टिव्ह.

शेवटचं एक. याच नमुन्यावर व्हीडीआरएलही मागितली आहे. सीरम सकाळी ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवून ठेवलंय, चाचणी संध्याकाळी होईल. चालेल?

---

पंचवीस_अंश

चार तासांपेक्षा जास्त वेळ गेला असेल तर लावण्याआधी ५६ अंशांवर पुन्हा १० मिनिटं तापवा, मग खोलीच्या तापमानाला आणा. वॉटरबाथचं तापमान डायलवर नव्हे, पाण्यात बुडवलेल्या थर्मामीटरवर बघा. ५८-५९ च्या वर गेलं तर सीरम दाटायला लागतं आणि मग पिपेटने ५० मायक्रोलिटर नीट उचललंच जात नाही. व्हीडीआरएलचं इमल्शन सकाळचं असेल तर ८ तासांनंतर टाकून नवं करा. रोटेटर १८० आरपीएम, ४ मिनिटं, आणि वाचन १० एक्स ऑब्जेक्टिव्हखाली. इथेही नुसत्या सीरमबरोबर १:८ लावाच.